मोबाइलच्या युगात वस्तीचे वाचनालय हवे कशाला?

घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी किंवा बोरिवली असो. उपनगरातल्या ज्या ज्या वस्तीत आज पुनर्विकासाची बैठक भरते, तेथे एक प्रश्न हमखास पुढे येतो. नव्या इमारतीत रहिवाशांसाठी कोणत्या सोयी हव्यात, याची यादी तयार होत असते. बालवाडी हवी, सभागृह हवे, विहार हवा, सोसायटीचे कार्यालय हवे. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. मग एखादे वयस्क गृहस्थ विचारतात, "आणि वाचनालय?" मागच्या रांगेतला तरुण चटकन उत्तर देतो, "काका, आता सगळे मोबाइलमध्ये आहे. त्या जागेत व्यायामशाळा करू." लोक हसतात आणि बैठक पुढच्या मुद्द्यावर जाते.

हा तरुण वाह्यात नाही. तो नोकरी करतो, घर चालवतो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभा राहतो. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला "वाचाल तर वाचाल" असे सुभाषित ऐकवून गप्प करणे योग्य नाही. मी कारकुनी पेशाचा माणूस. जमाखर्च मांडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही. तेव्हा या प्रश्नाचाही जमाखर्च मांडून पाहू.

आधी मोबाइलच्या जमेची बाजू. ती मोठी आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने काढले, त्यातला पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी एखाद्या वस्तीत एकाच्या घरी तो खंड असेल तर चार वस्त्यांतली माणसे तो बघायला येत. एक आवृत्ती संपली की दुसरी कधी येईल याचा नेम नसे. हे दुखणे जुने झालेले नाही. खंडांची छपाई रखडली आहे आणि त्यासाठी घेतलेला कागद गोदामात पडून आहे, अशी बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आणि आज? तेच इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवर फुकट उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोश मोबाइलवर उघडतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके एक पैसा न देता उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली सर्वांसाठी खुले झाले. ज्या ग्रंथांच्या कपाटाची चावी पूर्वी दुसऱ्याच्या कमरेला असे, तो ग्रंथ आज रमाबाई नगरातल्या मुलीच्या हातात आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नाही, त्या समाजाने या गोष्टीचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला नाक मुरडणे आपल्याला परवडणारे नाही.

आता खर्चाची बाजू पाहू.

मोबाइलमध्ये पुस्तक आहे, पण ते वाचायला बसायचे कुठे? उपनगरातला आपला प्रश्न पुस्तकाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पहिल्यांदा २२५ चौरस फुटांचे घर मिळाले, पुढे ते २६९ झाले आणि आता ३०० चौरस फुटांचे मिळते. त्या ३०० फुटांत आजी-आजोबा, आई-वडील, दोन मुले, टीव्ही, शिलाई मशीन आणि शिधा. रात्री आठला बाबा कामावरून येतात, साडेआठला मालिका सुरू होते, दहाला अंथरुणे पडतात. दहावीच्या मुलीने बीजगणित करायचे ते कोठे आणि कधी? घराघरात हिंडणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याने हे पाहिले आहे: इमारतीच्या जिन्यात, दिव्याखाली, पायरीवर वही ठेवून बसलेली मुले. मुलगा असेल तर तो निदान जिन्यात बसू तरी शकतो. मुलीला रात्री जिन्यात बसू देत नाहीत, आणि त्यात आई-बापाला दोष देण्यातही अर्थ नाही.

२०२० च्या टाळेबंदीने हे सगळे उघडे पाडले. शाळा मोबाइलवर आली. घरात मोबाइल एक, शिकणारी मुले दोन किंवा तीन आणि तोच मोबाइल घेऊन बाप कामावर. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशाच्या शहरी भागात शंभर कुटुंबांमागे ४२ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक होता फक्त २३ घरांत. त्यानंतर स्वस्त मोबाइल घरोघरी पोहोचले हे खरे. पण चार इंचांच्या काचेवर रेल्वेचे वेळापत्रक पाहणे वेगळे आणि तीनशे पानांचे पुस्तक वाचणे वेगळे. त्याच काळात आणखी एक गंमत घडली, जी विसरता कामा नये. राज्यात मद्यविक्रीची दुकाने मे २०२० मध्ये उघडायला लागली आणि ग्रंथालये उघडायला १५ ऑक्टोबर उजाडला. कोणत्या गोष्टीवाचून आपले चालत नाही याविषयी राज्यकर्त्यांचा अंदाज यावरून कळतो.

जागेचा हा प्रश्न बाबासाहेबांनाही चुकला नव्हता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारा संसार. भांडीकुंडी, जळणाची लाकडे, जाते आणि कोपऱ्यात शेळी. तेव्हा सुभेदार रामजींनी काय केले? भीमरावांना लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे आणि मध्यरात्री दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवायचे. घर निजलेले असताना जी शांतता मिळेल तीच त्यांची अभ्यासिका. आणि दिवसा? शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची नजर या वाचणाऱ्या मुलावर पडली. ते त्यांना पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांना नेले तेही केळुसकरांनीच. हा सगळा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. भीमराव घरात वाचत राहिले असते, तर केळुसकरांना ते दिसले नसते. मुलगा चारचौघांच्या जागेत बसून वाचत होता म्हणून एका जाणत्या माणसाला तो दिसला. मोबाइलवर वाचणारे मूल आणि मोबाइलवर खेळणारे मूल बाहेरून सारखेच दिसते. त्यातले कोण केळुसकरांच्या नजरेस पडणार?

लंडनला असताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरणाऱ्यांत बाबासाहेब पहिले आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे, हेही आपण दरवर्षी व्याख्यानांतून ऐकतो. ते ग्रंथालय काही त्यांच्या मालकीचे नव्हते. परक्या देशातल्या एका गरीब विद्यार्थ्याला तेथे बसायला खुर्ची, टेबल आणि मागेल तो ग्रंथ मिळाला. अमेरिकेत पोटाला चिमटा काढून जमवलेली त्यांची पुस्तके १९१७ साली जहाज पाणबुडीने बुडवल्यामुळे समुद्रात गेली, त्याचे दुःख त्यांनी कसे सोसले असेल! म्हणूनच त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले ते आधी पुस्तकांचा विचार करून. पण त्यांनी पुस्तके फक्त स्वतःसाठी ठेवली का? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे स्पष्ट लिहिलेले होते. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि बाबासाहेबांच्या संग्रहातले ग्रंथ त्याच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी गेले. घरातले कपाट आणि समाजाचे कपाट यांतला फरक त्यांना चांगला ठाऊक होता.

तो फरक आपल्याला ठाऊक आहे का, असा प्रश्न मला अलीकडे पडतो. चैत्यभूमीला जाऊन रिकाम्या हाताने परतणारे आपले कुटुंब विरळाच. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेथे हमाली करणारा माणूससुद्धा शंभर-दोनशे रुपयांची पुस्तके घेतो. हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणण्याचे आवाहनही अलीकडच्या काही वर्षांत चांगले रुजले आहे. दुसऱ्या कोणत्या समाजाच्या यात्रेत असे दृश्य दिसते? पण घरी आल्यावर ती पुस्तके शोकेसमध्ये जातात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी. काच बंद. एकाच इमारतीत वीस घरांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, आणि त्याच इमारतीत इंग्रजी-मराठी शब्दकोश एकाही घरात नाही. वीस घरांनी मिळून एक कपाट केले असते, तर वीस वेगवेगळी पुस्तके झाली असती. साधे गुणाकाराचे गणित आहे.

बोरिवलीकरांना तर हे सांगायला नको, कारण त्यांच्या डोक्यावरच कान्हेरीचा डोंगर आहे. रविवारी मुलांना घेऊन आपण लेणी पाहायला जातो, चैत्यात वंदना घेतो, डबा खातो आणि परत येतो. त्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. काही राहण्याची, काही ध्यानाची. आणि तेथल्या एका लेण्यात नवव्या शतकातला शिलालेख आहे, शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या काळातला. एका अधिकाऱ्याने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, भिक्खुसंघाला दान दिले त्याची ती नोंद. दानाचा पैसा कशावर खर्च व्हावा हेही त्यात कोरून ठेवले आहे: भगवंताच्या पूजेसाठी, विहाराच्या दुरुस्तीसाठी, भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि पुस्तकांसाठी. अकराशे वर्षांपूर्वीचे मुंबई उपनगरातले हे ग्रंथालय-अनुदानच म्हणा ना! छप्पर, वस्त्र आणि पुस्तक एकाच यादीत. आपल्या विहारांच्या वार्षिक हिशेबात रंगकाम, मंडप, ध्वनिक्षेपक, भोजनदान ही खाती असतात. पुस्तकांचे खाते किती विहारांच्या हिशेबात आहे, हे ज्याने त्याने आपल्या खजिनदाराला विचारावे.

उपनगरांत वाचनालये नाहीत असे नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने दादरहून शहरभर शाखा काढल्या. पार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ आहे, त्याचे ग्रंथालय नावाजलेले आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे. या संस्था मोठ्या कष्टाने चालल्या आहेत. परंतु मराठी पांढरपेशा वस्तीने त्या उभ्या केल्या, त्यांचे सभासदही त्याच वस्तीतले, आणि आपल्या वस्तीतून तेथे जाणारा वाचक क्वचितच दिसतो. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे फुकट ग्रंथालय नव्हे, हेही लक्षात घ्यावे. वर्तमानपत्रे बसून वाचायला पैसे पडत नाहीत, पण पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी. बिगारी कामगाराला चार-पाचशे रुपयांची अनामत म्हणजे एका दिवसाची मजुरी. मग आपल्या माणसाने वाचावे कोठे? घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षर शिकला, आणि त्याच उपनगरात बसून साहित्य लिहून गेला. त्यांची 'फकिरा' १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. अण्णा भाऊंनी केले म्हणून आपल्या मुलांनीही पाट्या वाचूनच शिकावे, असे मात्र कोणी म्हणू नये.

सरकार काय करते? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. या कायद्याखाली सरकार स्वतः गावोगाव ग्रंथालय काढत नाही. लोकांनी संस्था काढायची, नोंदणी करायची, आणि सरकारने अ, ब, क, ड असा दर्जा पाहून अनुदान द्यायचे. अशी बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये राज्यात झाली. २०१२ साली महसूल खात्यामार्फत सगळ्यांची पडताळणी झाली, तेव्हा काही ग्रंथालये फक्त कागदावर आढळली. शिक्षा मात्र सगळ्यांना झाली. नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे त्यानंतर बरीच वर्षे थांबले. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, त्याचे ढोल वाजले. पण ती वाढ कशावर? 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार मिळत होते, ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. चार दैनिके घेतली तर त्यात सहा-सातशे गेले. वीजबिल गेले. नवी पुस्तके घ्यायची आहेत, जुनी बांधून घ्यायची आहेत. उरेल त्यात ग्रंथपालाचे पोट! मुंबईत इतक्या पैशांत कोणी घरकामाला तरी येईल का?

दुसरीकडे वेगळे केलेले आहे. तामिळनाडूत १९४८ पासून, रंगनाथन यांच्या प्रयत्नाने, ग्रंथालयाचा कायदा आहे आणि मालमत्ता करासोबत ग्रंथालयाचा कर जमा होतो. केरळात आणि कर्नाटकातही असा कर आहे. आपल्याकडे नाही. आपल्या भागाला ही कल्पना परकी होती म्हणावे, तर तसेही नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून बडोदे संस्थानात फुकट ग्रंथालये काढली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला, तामिळनाडूच्याही आधी. जगातही दोन्ही तऱ्हा दिसतात. इंग्लंडने २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली शेकडो ग्रंथालये बंद केली. फिनलंडने २०१८ साली हेलसिंकीत संसदेच्या समोरच एक प्रचंड ग्रंथालय उघडले, त्यात शिलाई मशीनसुद्धा ठेवली आहे म्हणतात. संगणक दोन्ही देशांत सारखाच आहे.

आणि वाचनालय कालबाह्य झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी बाजाराकडे पाहावे. बाजाराला कळते कशाला गिऱ्हाईक आहे. उपनगरात स्टेशनजवळ खासगी 'रीडिंग रूम' निघाल्या आहेत. पुस्तक एक नाही. लाकडी खाणे पाडलेले टेबल, खुर्ची, दिवा आणि वाय-फाय. कित्येक ठिकाणी महिन्याला हजार-दीड हजार रुपये घेतात आणि तरी जागा शिल्लक नसते. तेथे कोण बसते? एमपीएससीची, पोलीस भरतीची, सीएची तयारी करणारी मुले. पुस्तके त्यांच्या मोबाइलमध्ये आहेतच. ती पैसे मोजतात ते शांततेसाठी. महापालिकेच्या आणि आमदार निधीतल्या अभ्यासिका काही प्रभागांत आहेत, त्यांपैकी काही चांगल्या चालतात. काहींना उद्घाटनाच्या पाटीएवढेच आयुष्य असते.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा जागेपेक्षाही महत्त्वाचा. रोज सकाळी आपल्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या नावाने सुविचार येतात. निळी पार्श्वभूमी, फोटो, खाली चार ओळी. त्यांतल्या कितीतरी ओळी बाबासाहेबांनी कधी लिहिल्या नाहीत की उच्चारल्या नाहीत. काही निरुपद्रवी असतात. काही मात्र मुद्दाम, निवडणुकीच्या तोंडावर, त्यांच्या तोंडी घातलेल्या असतात. आपण भक्तिभावाने त्या पुढे पाठवतो. हे खोटे आहे हे सिद्ध करायचे तर मूळ ग्रंथ काढून पान दाखवावे लागते. आपल्या सुप्रसिद्ध त्रिसूत्रीचेच घ्या ना. 'संघटित व्हा' आधी की 'संघर्ष करा' आधी, यावर मी कार्यकर्त्यांना हमरीतुमरीवर आलेले पाहिले आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत केलेल्या इंग्रजी भाषणात बाबासाहेबांनी शिक्षणानंतर लगेच चळवळ सांगितली आणि संघटन शेवटी. सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ते भाषण छापलेले आहे. तो खंड मोबाइलवर आहेच, असे तरुण म्हणेल. आहे. पण शेकडो पानांतून नेमके पान काढणे, कोणता खंड अधिकृत आणि कोणती कोणीतरी बनवलेली फाइल हे ओळखणे, हे शिकवणारा माणूस मोबाइलमध्ये नाही. तो वाचनालयात असतो. निदान असला पाहिजे. पूर्वी ग्रंथपाल पुस्तक शोधून देई. आता त्याचे काम खरे-खोटे निवडून देण्याचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

याच कामाचा दुसरा भाग अर्जांचा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, नोकरीचा अर्ज संगणकावर, जातीच्या दाखल्याचा अर्ज संगणकावर. सायबर कॅफेवाला एका अर्जाला मागेल ते पैसे घेतो आणि चूक झाली तर हात झटकतो. वस्तीच्या वाचनालयात एक संगणक, एक प्रिंटर आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले बसली, तर जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत किती घरांचे पैसे आणि खेटे वाचतील! म्हणजे मोबाइल विरुद्ध वाचनालय हे भांडणच मुळात चुकीचे मांडलेले आहे.

आता वाचनालयांच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक वाचनालयांत सकाळी आठ ते दहा वर्तमानपत्रे पडलेली असतात, भोवती सात-आठ निवृत्त पुरुष आणि राजकारणाची चर्चा. कपाटाला कुलूप. चावी सचिवाकडे आणि सचिव कामावर. बायकांनी तेथे पाऊल टाकल्याचे कोणाला आठवत नाही. लहान मुलांना तर "गोंगाट करू नका" म्हणून दारातूनच परत पाठवतात. अशा वाचनालयापेक्षा व्यायामशाळा बरी असे तरुणांना वाटले, तर त्यांची चूक काय? कामगार वस्तीतले वाचनालय कामगारांच्या वेळेला उघडे पाहिजे. दुपारी दोन ते चार, घरकाम आटोपलेल्या भगिनींसाठी. शाळा सुटल्यावर तासभर लहानांसाठी, मोठ्याने वाचून दाखवण्याचा तास. तेव्हा गोंगाट झाला तर होऊ द्यावा. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत परीक्षेच्या मुलामुलींसाठी आणि त्या वेळी वस्तीतली एक तरी बाई तेथे हजर पाहिजे, म्हणजे मुलींचे आई-वडील निर्धास्त राहतील.

आता पुन्हा बैठकीतल्या यादीकडे येऊ, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सोळा-सतरा हजार कुटुंबांच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतलेले आहे. उपनगरांत इतरत्र लहानमोठ्या योजना चालू आहेत. २०१८ साली लागू झालेल्या मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतला नियम ३३(१०) झोपडपट्टी पुनर्वसनाचा आहे. त्यात रहिवाशांच्या सोयींची यादी दिलेली आहे: आरोग्य केंद्र, अंगणवाडी, कौशल्य विकास केंद्र, महिला उद्योजकता केंद्र आणि 'युवा केंद्र किंवा वाचनालय'. माप आहे दर २५० झोपडीधारकांमागे २५ चौरस मीटर. यादीतले सगळे काही प्रत्येक योजनेत मिळत नाही, त्यातून निवड होते. निवडीच्या वेळी वाचनालय कोणी मागितलेच नाही, तर विकासक ते आपणहून देणार नाही, आणि नकाशा एकदा मंजूर झाला की मग मोर्चे काढून काही उपयोग होत नाही. ज्या वस्तीत आज विहारालगत वाचनालय चालू आहे, तेथे सर्वेक्षणाच्या वेळी त्या जागेची वेगळी नोंद झाली आहे का, परिशिष्ट-२ च्या यादीत ती दिसते का, हे कार्यकर्त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहावे. दिलेल्या जागेचा गैरवापर झाला तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण ती काढून दुसऱ्या संस्थेला देऊ शकते, हेही त्याच नियमात आहे. वाचनालयाच्या नावाने घेतलेल्या खोलीत कॅरम आणि पक्षाचे कार्यालय थाटणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

२५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. काल-परवापर्यंत या योजनेत एका कुटुंबाला जेवढे घर मिळत होते, नेमके तेवढे. भिंतीला चार कपाटे लावली, एका कोपऱ्यात संगणक ठेवला, तरी मधोमध टेबल टाकून दहा-बारा मुले सहज बसतात. दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा तीन पाळ्या केल्या तर दिवसाला तीस-पस्तीस. पहिली पुस्तके शोकेसमधून निघतील. पुढच्या पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. त्यांची आणि शासकीय मान्यतेची माहिती मुंबई उपनगरच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. तेथे जाताना संस्थेचे नोंदणीपत्र, जागेचा कागद आणि मागल्या वर्षाचा तपासलेला हिशेब बरोबर न्यावा. चावीचे मात्र आपल्यातच ठरवावे लागेल. दोन चाव्या कराव्यात. एक रात्री अकराला कुलूप लावणाऱ्याकडे, आणि दुसरी वस्तीतल्या अशा कोणाकडे, की जी दुपारी दोन वाजता घरी असते.